कमावती पोर

उत्तरायणाला सुरतेच्या आमच्या बमरोलीत पहाटेपासून गच्च्यांवर स्पीकर चढतात. नव्या गाण्यांचा गदारोळ चालू असतो, पण दुपारच्या सुमारास कुणीतरी ते जुनं पतंगाचं गाणं लावतंच. 'भाभी' सिनेमातलं, चित्रगुप्तांच्या चालीचं, लता आणि रफीच्या आवाजातलं. सिनेमा १९५७ सालचा आहे. आमच्या गल्लीतल्या ज्या पोरांना तो माहीतही नाही, त्यांना गाणं मात्र पाठ असतं.

पडद्यावर ते गाणं दोघांवर चित्रित झालंय, नंदा आणि जगदीप. दोघांचाही जन्म १९३९ चा, म्हणजे तेव्हा दोघंही अठराच्या आसपासची. दोघंही हसतायत, बागडतायत. पण त्या वेळी ती दोघं सिनेमाला नवी होती असं कुणी समजू नये. जगदीपचे वडील लवकर गेले. फाळणीनंतर तो आईबरोबर मुंबईला आला, आई एका अनाथाश्रमात स्वयंपाक करायची आणि हा पोरगा रस्त्यावर मिळेल ते काम करायचा. १९५१ च्या 'अफसाना'त मुलांच्या घोळक्यात बसायचे ३ रुपये मिळणार होते, एक अवघड उर्दू संवाद म्हणून दाखवला म्हणून ६ मिळाले, असं तो पुढे मुलाखतींत सांगायचा. आणि नंदा? तिचे वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. पतंगाचं गाणं करेपर्यंत तिला कॅमेऱ्यासमोर जवळजवळ दहा वर्षं झाली होती.

मी बमरोलीत घरीच शिकवणी घेते, मराठी आणि गणिताची. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं लूमच्या खात्यात काम करणाऱ्यांची आहेत. आईवडील अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, शहादा इकडून ताप्ती लाइनच्या गाडीनं आलेले, तसेच आम्हीही आलो. माझी माय नंदाची भक्त होती. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर नंदाचा सिनेमा असला की हातातल्या साडीचे दोरे कापता कापता ती डोळे पुसायची. ती नंदाच्या भूमिकांसाठी रडायची. मी मोठी झाल्यावर नंदाबद्दल वाचत गेले तेव्हा कळलं, की पडद्यामागची मुलगी पडद्यावरच्या मुलीपेक्षा कितीतरी जास्त कष्टाळू होती. तिच्या त्या कष्टांविषयी मला इथे लिहायचंय.

नंदा ही मास्टर विनायक यांची मुलगी. कोल्हापूरचे विनायक दामोदर कर्नाटकी म्हणजे मराठी बोलपटाच्या पहिल्या बहरातलं मोठं नाव. 'हंस' या चित्रसंस्थेसाठी त्यांनी वि. स. खांडेकरांच्या कथेवर 'छाया' (१९३६) केला, आचार्य अत्र्यांच्या लेखणीवर 'ब्रह्मचारी' (१९३८) आणि 'ब्रँडीची बाटली' (१९३९) केले. स्वतः नट, स्वतः दिग्दर्शक. 'हंस', मग 'नवयुग', आणि १९४३ मध्ये कोल्हापुरात स्वतःची 'प्रफुल्ल पिक्चर्स'. व्ही. शांताराम त्यांच्या नात्यातले. घरात उठता-बसता सिनेमाच.

याच विनायकरावांच्या कंपनीत एक मुलगी नोकरीला होती. मास्टर दीनानाथ मंगेशकर २४ एप्रिल १९४२ ला पुण्यात गेले, मागे पाच मुलं. थोरली लता तेव्हा पुरती तेरा वर्षांचीही नव्हती. विनायकराव मंगेशकरांच्या घरोब्यातले. त्यांनी लताला 'नवयुग'च्या 'पहिली मंगळागौर'मध्ये काम मिळवून दिलं, पुढे 'प्रफुल्ल'मध्ये घेतलं. 'माझं बाळ' (१९४३), 'गजाभाऊ' (१९४४), नूरजहाँबरोबर 'बडी माँ' (१९४५) अशी कामं लतानं केली. चेहऱ्याला रंग फासणं आणि दिव्यांच्या झोतात उभं राहून सांगतील तसं हसणं-रडणं आपल्याला कधीच आवडलं नाही, हे लताबाईंनी पुढे कितीदा तरी सांगितलं. आवडण्याचा प्रश्नच नव्हता. घरात खाणारी तोंडं होती आणि कमावणारी ती एकटी. १९४५ मध्ये कंपनी मुंबईला गेली, तशी मंगेशकर मंडळीही मुंबईला गेली.

लता मंगेशकर पुढे कोण झाल्या हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, म्हणून त्यांचं ते बालपण आपण 'सुरुवातीचा संघर्ष' या दोन शब्दांत उरकतो. मला मात्र तिथे थांबावंसं वाटतं. एका गेलेल्या मित्राच्या पोरीला विनायकरावांनी आधार दिला. पाचच वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या पोरीवर तीच वेळ आली.

'मंदिर' या सिनेमाची तयारी चालू होती. त्यात लहान मुलाची भूमिका होती आणि विनायकरावांनी ती आपल्या मुलीला द्यायचं ठरवलं. नंदा तेव्हा अगदी लहान. शाळेतून घरी आली तेव्हा आईनं सांगितलं, उद्या शूटिंगला जायचंय, आणि मुलगा व्हायचंय म्हणून केस कापावे लागतील. नंदा भडकली. तिला सिनेमात जायचंच नव्हतं, नेताजींसारखं सैन्यात जायचं होतं. हा किस्सा तिनं पुढे मुलाखतींत सांगितला आहे. आझाद हिंद सेनेचं नाव तेव्हा घराघरात होतं, पोरांच्या खेळातही होतं, त्यामुळे तिचा हट्ट समजण्यासारखा होता. आईनं समजूत घातली, वडिलांनी घातली, आणि केस कापले गेले.

'मंदिर' पुरा व्हायच्या आत, १९ ऑगस्ट १९४७ ला, विनायकराव गेले. वय अवघं ४१. देश स्वतंत्र होऊन चार दिवस झाले होते, रस्त्यावरचे झेंडेही उतरले नसतील. उरलेला सिनेमा दिनकर द. पाटील यांनी पुरा केला आणि १९४८ मध्ये तो पडद्यावर आला. नंदाचा पहिला सिनेमा हा असा, वडिलांनी सुरू केलेला आणि दुसऱ्यानं संपवलेला.

पुढची आठ-नऊ वर्षं ती 'बेबी नंदा' होती. सिनेमातल्या माणसाचा पैसा पुढच्या सिनेमात गुंतलेला असतो, माणूस गेला की तो हाती लागत नाही. विनायकरावांच्या घरचं तेच झालं. मुंबईत आई, भावंडं, आणि मिळकतीचं साधन नाही. भावंडांत कॅमेऱ्यासमोर उभी राहून पैसा आणू शकेल अशी तीच होती. शाळेची वेळ आणि शूटिंगची वेळ जमेना, म्हणून तिचं शिक्षण घरीच, शिकवायला येणाऱ्या मास्तरांकडे झालं. 'जग्गू' (१९५२), 'अंगारे' (१९५४) अशा हिंदी सिनेमांत ती लहानसहान कामं करत राहिली. मराठीत 'कुलदैवत' आणि 'शेवग्याच्या शेंगा' (दोन्ही १९५५) आले, तोवर ती पोर राहिली नव्हती आणि नायिकाही झाली नव्हती. बालनटासाठी हे वय फार कठीण. उंची वाढते, आवाज बदलतो, गोडवा ओसरतो, आणि ज्या निर्मात्यांनी डोक्यावर घेतलं तेच ओळख दाखवेनासे होतात. कितीतरी 'बेबी' आणि 'मास्टर' याच वळणावर गळाले.

नंदाला तिथून शांतारामबापूंनी बाहेर काढलं. एका घरच्या लग्नात त्यांनी तिला साडीत पाहिलं आणि 'तूफान और दिया'साठी निवडलं, असं ती सांगायची. भावा-बहिणीची गोष्ट असलेला तो सिनेमा १९५६ मध्ये आला आणि चालला. तिथून 'बेबी' हा शब्द नावापुढून गेला.

मग पुढच्या वर्षी 'भाभी'. त्यात ती बालविधवा होती. आणि १९५९ मध्ये एल. व्ही. प्रसादांचा 'छोटी बहन', ज्यानं तिचं नशीब पालटलं. बलराज साहनी आणि रहमान तिचे भाऊ. बहीण आंधळी होते, घर मोडतं, ती सोसत राहते. त्यातलं राखीचं गाणं आजही राखीच्या आधी आठवडाभर सुरतेच्या बाजारात वाजत असतं. शैलेंद्रांचे शब्द, शंकर-जयकिशनची चाल. आवाज लताबाईंचा. विनायकरावांच्या कंपनीत तेरा-चौदाव्या वर्षी नोकरी करणारी पोर विनायकरावांच्या मुलीसाठी गात होती. पुढे 'हम दोनों'मधलं (१९६१) ते शांत भजनही लताबाईंनी नंदासाठीच गायलं. वडील गेल्यावर भावंडांचं पोट भरायला उभ्या राहिलेल्या दोन मराठी मुली, एकीचा गळा आणि दुसरीचा चेहरा. हे दोन्ही प्रसंग मी जेव्हा जेव्हा पाहते तेव्हा मला हे आठवतं आणि गाणं निराळंच ऐकू येतं.

'छोटी बहन'नंतर नंदा बहिणीच्या भूमिकांत अडकली असं समीक्षक लिहितात. खरंच आहे. 'आँचल'साठी (१९६०) तिला फिल्मफेअर मिळालं, तेही सहायक अभिनेत्रीचं. सोशिक, सालस, दुसऱ्यासाठी झिजणारी, असा तिचा साचा बनला. पण त्या साच्यात ती इतकी खरी का वाटायची, याचा विचार कमी झाला. माझी माय शाळेची पायरी चढली नव्हती. ती म्हणायची, "ह्या पोरीला घर ओढायचं माहीत आहे." पडद्यावर नंदा ताट वाढायची, भावाकडे बघायची, काही मागायची नाही, त्यातलं काही मायला शिकवलेलं वाटत नसे. आठव्या-नवव्या वर्षापासून घराचा खर्च डोक्यावर असणाऱ्या मुलीला दुसऱ्याचं आधी बघायची जी सवय लागते, ती अंगात मुरते. मायची स्वतःची गोष्ट याहून फार वेगळी नव्हती.

आता जरा दूर अमेरिकेत जाऊ, कारण तिथल्या एका मुलीचं आयुष्य नंदाच्या आयुष्याला अगदी लागून चालतं. नॅटली वुड नंदापेक्षा सहा महिन्यांनी मोठी, जुलै १९३८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेली, रशियन निर्वासितांची मुलगी. १९४७ साली, ज्या वर्षी नंदाचे वडील गेले त्याच वर्षी, 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' या सिनेमानं आठ वर्षांची नॅटली घराघरात पोचली. नाताळच्या दिवसांत अमेरिकेत तो सिनेमा अजून दाखवतात. नॅटलीचे वडील हयात होते, पण घर चालत होतं ते तिच्याच कमाईवर. आईची महत्त्वाकांक्षा जबरदस्त. पोरीला कॅमेऱ्यासमोर वेळेवर रडू यावं म्हणून आईनं तिच्यासमोर जिवंत फुलपाखराचे पंख उपटले, असं तिच्या चरित्रात लिहिलंय. दुसऱ्या एका सिनेमात वादळाच्या प्रसंगात पूल वेळेआधीच कोसळला आणि तिचं मनगट मोडलं. ते नीट जुळून आलं नाही. पुढे जन्मभर नॅटली त्या मनगटात जाड कडं घालायची. फॅशन म्हणून तिच्या चाहत्या मुली त्याची नक्कल करायच्या.

नॅटलीही मोठी होऊन टिकली. 'रेबेल विदाउट अ कॉज' (१९५५), 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१). १९८१ मध्ये, ४३ व्या वर्षी, ती समुद्रात बुडून गेली.

दोघींत एक मोठा फरक होता, तो कायद्याचा. कॅलिफोर्नियात १९३९ पासून बालनटांच्या कमाईसाठी कायदा होता. त्यामागे जॅकी कूगन नावाचा मुलगा आहे. चार्ली चॅप्लिनच्या 'द किड'मधलं (१९२१) ते टोपीवालं गोड पोर. त्यानं लहानपणी लाखो डॉलर कमावले. मोठा झाल्यावर हिशेब मागितला तर आई आणि सावत्र बापानं जवळजवळ सगळं उडवलेलं. तो कोर्टात गेला, हाती फारसं काही लागलं नाही, पण त्यातून कायदा झाला की मुलाच्या कमाईचा काही हिस्सा त्याच्यासाठी बाजूला ठेवावा. सेटवर रोज तीन तास शाळा आणि त्यासाठी शिक्षिका, हेही तिथे सक्तीचं. कायद्याला भोकं होती. शर्ली टेंपल मोठी झाली तेव्हा तिच्या ३० लाख डॉलरहून जास्त कमाईतले ४४,००० च्या आसपास डॉलर शिल्लक होते, हे तिनंच आत्मचरित्रात लिहिलंय. तरी कायदा होता, नियम मोडला तर बोट दाखवायला जागा होती.

आपल्याकडे काय होतं? इथे मला बमरोलीची आठवण येते, कारण या गोष्टीत आमचं कापड आहे. इंग्रजांच्या काळात, १९३८ साली, मुलांना कामाला लावण्याविरुद्ध एक कायदा झाला. लहान मुलांना कुठे राबवायचं नाही त्या कामांची त्यात यादी होती. विडी वळणं, काडेपेट्या, फटाके, चामडं कमावणं, आणि कापडाची छपाई, रंगाई, विणकाम. म्हणजे सुरतेच्या रंगाईच्या खात्यात पोर दिसलं तर कायदा आडवा येणार. सिनेमाचा स्टुडिओ त्या यादीत नव्हता. बेबी नंदानं किती तास दिव्यांखाली उभं राहायचं, शाळेचं काय, तिचे पैसे कुणाच्या नावावर जातील, याबद्दल देशात एक ओळही लिहिलेली नव्हती. तिच्या वेळच्या सगळ्याच मुलामुलींचं तसंच. 'रामशास्त्री'त (१९४४) छोटी जानकी झालेली प्रभातची बेबी शकुंतला, 'बूट पॉलिश'मधली (१९५४) बेबी नाझ, मुलग्यांच्याच भूमिका करायला लावलेली डेझी इराणी. डेझी इराणींनी २०१८ मध्ये, साठी उलटल्यावर, सांगितलं की सहाव्या वर्षी बाहेरगावच्या शूटिंगला बरोबर पाठवलेल्या माणसानंच आपल्यावर अत्याचार केला होता. तोवर आपण सगळे त्यांच्या गोड बोबड्या संवादांवर टाळ्या वाजवत होतो.

१९३८ च्या त्या जुन्या कायद्यात एक सवलतही होती. मालक आपल्याच घरच्या माणसांना घेऊन काम करत असेल तर ही बंदी लागू नाही. ती सवलत आजही आहे. २०१६ मध्ये कायदा सुधारला, चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच धंद्यात लावायचं नाही असं ठरलं आणि त्याला दोनच अपवाद ठेवले. पहिला, शाळा सुटल्यावर किंवा सुटीत घरच्या कामाला मदत, काम धोक्याचं नसेल तर. दुसरा, सिनेमा, मालिका, जाहिराती यांतले बालकलाकार. सर्कशीला मात्र मनाई. कायद्याच्या पुस्तकात हे दोन अपवाद एकाखाली एक छापलेले आहेत. माझ्या शिकवणीतल्या ज्या मुली घरी आईबरोबर साड्यांना खडे चिकटवतात, लेस लावतात, लोंबणारे दोरे कापतात, त्या वरच्या ओळीत. बेबी नंदाच्या आजच्या बहिणी खालच्या ओळीत.

या मुलींना मी रोज बघते. दुपारी दफ्तर टाकलं की साडीच्या गठ्ठ्याला बसायचं. मजुरी नगावर असते, म्हणून हात थांबून चालत नाही. मग शिकवणीला येतात तेव्हा बोटांना गोंद चिकटलेला असतो आणि त्रैराशिक करता करता डोळा लागतो. त्यांच्या आया दुष्ट नाहीत. नंदाची आईही नव्हती. घरात एक कमाई कमी पडली की घरातलं सगळ्यात हुशार, सगळ्यात समजूतदार पोर कामाला जुंपलं जातं आणि त्या समजूतदारपणाचं कौतुक होतं. मला त्या कौतुकाची भीती वाटते. "किती शहाणी आहे हो!" हे वाक्य ऐकलं की मी त्या मुलीकडे नीट बघते, ती शेवटची खेळली कधी हे विचारते.

नंदाकडे परत येते, कारण तिची गोष्ट सोसण्यापाशी संपत नाही आणि ते मला फार आवडतं. साठच्या दशकात ती पहिल्या फळीतली नायिका झाली आणि तिनं नवख्या मुलांबरोबर काम करायला नकार दिला नाही. शशी कपूर नायक म्हणून नवा होता, कुणी बरोबर काम करायला तयार नव्हतं. नंदानं त्याच्याबरोबर सिनेमे घेतले. 'चार दीवारी' (१९६१), 'मेहंदी लगी मेरे हाथ' (१९६२), आणि मग १९६५ मध्ये 'जब जब फूल खिले', जो तुफान चालला. शशी कपूरही बालनटच होता. नंदाचा 'मंदिर' आला त्याच १९४८ मध्ये तो थोरल्या भावाच्या 'आग'मध्ये छोटा नायक होता. त्याच्यामागे पृथ्वीराज कपूर उभे होते, हिच्यामागे कुणी नव्हतं. नवख्याला हात द्यायची बुद्धी तिला कुठून आली, हे मला विचारावं लागत नाही. तिच्या वडिलांनी एका पोरीला असाच हात दिला होता.

आणि १९६९ चा 'इत्तेफाक'. एकाही गाण्याविना, महिनाभरात उरकलेला यश चोप्रांचा सिनेमा. राजेश खन्ना पळून आलेला वेडा, आणि नंदा एकट्या बंगल्यातली बाई, जिच्यावर शेवटपर्यंत विश्वास ठेवावा की नाही कळत नाही. आयुष्यभर बहीण झालेल्या नटीनं इथे खुनी डोळ्यांनी काम केलं, आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या फिल्मफेअरसाठी तिचं नाव गेलं. मायला तो सिनेमा मुळीच आवडला नाही. मला तो नंदाचा सगळ्यात चांगला वाटतो. ज्यांनी तिला फक्त राखीच्या गाण्यात पाहिलंय त्यांनी तो बघावाच.

हा सिनेमा 'धुम्मस' या गुजराती नाटकावरून घेतलेला. आम्हा गुजरातेतल्या मराठी माणसांना गुजराती रंगभूमीचं नाव निघालं की सरिता जोशी आठवतात. पूर्वाश्रमीच्या भोसले. पुण्यात जन्म, वडोदऱ्यात वाढल्या, आणि बहीण पद्मारानीबरोबर लहान वयातच गुजराती रंगमंचावर उभ्या राहिल्या. 'संतु रंगीली' करून गुजरातचं मन जिंकलं, २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. माझ्या शिकवणीतल्या पोरी शाळेत गुजराती बोलताना अडखळल्या की मी त्यांना या दोन बहिणींबद्दल सांगते.

सत्तरच्या दशकात नंदानं कामं कमी केली. 'शोर'मध्ये (१९७२) थोडा वेळ दिसली. मग बऱ्याच वर्षांनी 'आहिस्ता आहिस्ता' (१९८१) आणि राज कपूरच्या 'प्रेमरोग'मध्ये (१९८२) ती आई होऊन आली. दोन्हीकडे तिची मुलगी झाली होती पद्मिनी कोल्हापुरे, जिला लोकांनी 'सत्यम शिवम सुंदरम'मध्ये (१९७८) लहानपणची रूपा म्हणून आधीच पाहिलं होतं. पद्मिनीचं घराणं मंगेशकरांच्या नात्यातलं. या दोघी समोरासमोर येतात तेव्हा मराठी घरातल्या कमावत्या मुलींच्या दोन पिढ्या एका चौकटीत उभ्या असतात. मला 'प्रेमरोग' त्यासाठी पुन्हा बघावासा वाटतो.

नंदानं लग्न केलं नाही. भावंडं मार्गी लागली. भाऊ जयप्रकाश कर्नाटकी दिग्दर्शक झाला. १९९२ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, दिग्दर्शक मनमोहन देसाईंबरोबर तिचा साखरपुडा झाला. १ मार्च १९९४ ला देसाई गॅलरीतून पडून गेले. त्यानंतर ती वहिदा रहमान, आशा पारेख अशा मोजक्या मैत्रिणींपलीकडे फारशी कुणात मिसळली नाही. २५ मार्च २०१४ ला मुंबईत तिचं निधन झालं. त्या दिवशी वाहिन्यांवर राखीचं गाणंच लागत राहिलं.

आता हे सगळं मी का लिहिलं ते सांगते. हल्ली नाच-गाण्याच्या स्पर्धांची निवड सुरतेतही होते, आणि आमच्या भागातल्या आया पोरींना नटवून तिकडे नेतात. मोबाइलवर पोरीचं नाचणं टाकायचं, कुणीतरी बघेल, जाहिरातीत घेईल, अशी आशा असते. मी त्यांना नको म्हणत नाही. नंदासारखी, लतासारखी पोर आपल्या गल्लीतही असेल. पण २०१७ पासून जे नियम आहेत ते मी प्रत्येक आईला वाचून दाखवते. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यायचीच. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. शाळा बुडणार नाही याची सोय निर्मात्यानं करायची. पोरीची इच्छा नसेल तर कुणी जबरदस्ती करायची नाही, आईनंसुद्धा. कमाईतला निदान पाचवा हिस्सा तिच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवा, आणि तो तिला सज्ञान झाल्यावरच मिळायला हवा. दर पाच मुलांमागे त्यांची काळजी घेणारा एक जबाबदार माणूस सेटवर हवा. शूटिंग ज्या जिल्ह्यात होणार तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी निर्मात्यानं आधी घ्यायला हवी. सुरतेत असेल तर सुरतेच्या कलेक्टरची.

कुणी घ्यायला आलं की आधी तो परवानगीचा कागद मागा, असं मी सांगते. मग पोरीच्या नावाचं बँकेचं पुस्तक. आणि बरोबर आईनं स्वतः जायचं, कुणा 'अंकल'ला पाठवायचं नाही. कागद दाखवायला जो कां-कूं करतो, त्याच्या गाडीत पोरीला बसवायचं नाही, मग तो कितीही मोठ्या कंपनीचं नाव सांगो.